खुर्ची अशी की बसायची हिंमत होऊ नये! लाकडातून माणसं उभी करणाऱ्या आंद्रेया ब्रुस्तोलोनची गोष्ट

खुर्ची म्हटलं की आपल्याला आधी राजकारण आठवतं. कोणाची खुर्ची गेली, कोणाची डळमळली, कोण खुर्चीला चिकटून बसलंय, या चर्चा आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा रंगतात. पण खुर्ची म्हणजे सत्ता, हे गणित काही फक्त आपलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या व्हेनिसच्या श्रीमंतांनाही ते पाठ होतं.

आजही व्हेनिसला गेलात तर ग्रँड कॅनालच्या काठावर का रेझोनिको नावाचा एक भला मोठा महाल दिसतो. आता तिथे संग्रहालय आहे. त्यातल्या एका दालनात काही खुर्च्या मांडल्यात. खुर्च्या म्हणायचं ते आपलं सवयीने. कारण त्यांचे पाय म्हणजे गाठी-गाठींच्या झाडाच्या फांद्या. त्या फांद्यांमध्ये गुबगुबीत बाळं खेळतायत. आणि आपण जिथे कोपर टेकवतो ते हात तोलून धरलेत काळ्याभोर लाकडात कोरलेल्या माणसांनी.

पाहिल्या पाहिल्या तोंडातून वाह निघतं. मग नजर त्या काळ्या माणसांवर स्थिरावते आणि एक प्रश्न पडतो. या खुर्चीवर बसणारा कोण होता आणि खाली भार उचलणारे हे कोण?

या खुर्च्या बनवणाऱ्याचं नाव आंद्रेया ब्रुस्तोलोन. युरोपच्या फर्निचरच्या इतिहासात ज्याला टाळून पुढे जाता येत नाही, असा हा माणूस.

डोंगरातलं पोर

आंद्रेयाचा जन्म २० जुलै १६६२ चा. गाव बेल्लूनो. इटलीच्या उत्तरेला, आल्प्स पर्वताच्या कुशीत, पियावे नदीच्या काठी वसलेलं. व्हेनिसपासून लांब असलं तरी १४०४ पासून हे गाव व्हेनिसच्याच राज्यात होतं.

आता व्हेनिस म्हणजे पाण्यावर उभं असलेलं शहर. चिखलात लाखो लाकडी खुंट ठोकून त्यावर घरं बांधलेली. शिवाय सगळा कारभार जहाजांवर. म्हणजे पायापासून डोलकाठीपर्यंत लाकूडच लाकूड. पण शहरात झाडं कुठून येणार? ती यायची बेल्लूनोच्या वरच्या डोंगरातून. झाडं तोडायची, ओंडके एकमेकांना बांधून तराफे करायचे आणि पियावे नदीत सोडून द्यायचे. तराफेवाले ते हाकत खाली समुद्रापर्यंत न्यायचे. त्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या हा धंदा चालला.

आंद्रेयाचं कुटुंब मूळचं झोल्दो खोऱ्यातलं. हे खोरं प्रसिद्ध होतं खिळ्यांसाठी. तिथल्या लोहारांचे खिळे व्हेनिसच्या जहाजांना लागायचे. थोडक्यात काय, तर लाकूड डोंगरातलं, खिळे डोंगरातले आणि थाट मात्र व्हेनिसचा.

आंद्रेयाचे वडील याकोपो हेही लाकडावर कोरीव काम करायचे. त्यामुळे पोराच्या हातात पटाशी लहानपणीच आली. पुढे गावातल्या आगोस्तिनो रिदोल्फी नावाच्या चित्रकाराकडे त्याने चित्रकलेचे धडे घेतले. ही गोष्ट छोटी वाटते, पण महत्त्वाची आहे. नुसतं कोरता येणारे कारागीर डोंगरात पुष्कळ होते. आधी कागदावर विचार करून मग लाकडाला हात लावणारा मात्र विरळा. बेल्लूनोच्या संग्रहालयात त्याची रेखाटनं आजही जपून ठेवलीत.

ओंडक्यांमागोमाग व्हेनिसला

१६७७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी आंद्रेया व्हेनिसला पोचला. ओंडके ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने त्यांना आकार देणारा पोरगाही गेला.

तिथे तो फिलिप्पो पारोदी या शिल्पकाराच्या हाताखाली लागला. पारोदी मूळचा जेनोवाचा. तेव्हा तो व्हेनिस आणि पादुआमध्ये संगमरवराची मोठमोठी कामं करत होता. पण गंमत अशी की त्याची स्वतःची सुरुवातही लाकडी कोरीव कामातूनच झाली होती. त्यामुळे संगमरवरात जे जमतं ते लाकडातही जमू शकतं, हे त्याच्या शिष्याला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

तो काळ बरोक शैलीचा होता. बरोक म्हणजे काय, हे सोप्या भाषेत सांगायचं तर आधीच्या रेनेसान्स काळातली मूर्ती शांत उभी असायची आणि बरोकची मूर्ती धावते, वळते, पडते, ओरडते. बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरकावं असा तिचा आवेश असतो. रोममध्ये बर्निनी या शिल्पकाराने दगडाला असं काही वळवलं होतं की तो कापडासारखा फडफडतोय असं वाटावं. हाच आवेश आंद्रेयाच्या लाकडातही आला.

व्हेनिसमध्ये त्याचं बस्तान बसलं. चर्चमधली कामं मिळाली. तिथल्या ज्यू वस्तीतल्या, म्हणजे घेट्टोमधल्या लेव्हान्तिन सिनेगॉगमधलं देखणं लाकूडकामही त्याच्या नावावर सांगितलं जातं. पुढे तर असं झालं की व्हेनिसमध्ये उत्तम बरोक कोरीव काम दिसलं की लोक ते ब्रुस्तोलोनचंच म्हणून मोकळे व्हायचे.

आधी खुर्ची कशी असायची?

आंद्रेयाने नेमकं काय वेगळं केलं हे कळायला आधीची खुर्ची समजून घ्यायला हवी.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीची इटालियन हातांची खुर्ची डोळ्यांसमोर आणा. अक्रोडाच्या लाकडाचे चार उभे खांब. मागचे दोन खांब अखंड वर जाणार आणि पाठ होणार. पुढचे दोन खांब हातांना आधार देणार. पाय फाकू नयेत म्हणून खालून आडव्या पट्ट्या. बैठकीला आणि पाठीला चामडं किंवा मखमल ताणून बसवायची आणि कडेने पितळी खिळ्यांची रांग. सगळं काटकोनात. एखादी पेटी बनवावी तसं.

सगळा भार असायचा सांध्यांवर. एका तुकड्याचं टोक कमी करून ते दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, सरस लावायचा आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. माणूस खुर्चीत मागे रेलतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो बैठक आणि पाठ जिथे जुळतात त्या सांध्यावर. जुनी खुर्ची कुरकुरायला लागते तीही बहुतेक तिथूनच.

बरोक काळ पुढे सरकला तशा या खुर्चीत हळूहळू लाटा यायला लागल्या. हातांची टोकं गुंडाळी केल्यासारखी वळली. पायांना पानं-फुलं फुटली. पण आतली पेटी कायम होती. कोरीव काम वरून चढवलेल्या दागिन्यासारखं होतं.

आंद्रेयाने ही पेटीच दिसेनाशी केली. त्याच्या खुर्चीत पायावर फांदी कोरलेली नाही, पायच फांदी आहे. हाताखालच्या खांबावर माणूस कोरलेला नाही, खांबच माणूस आहे. म्हणजे जे शिल्प आहे तेच भार उचलतंय. ते काढलं तर खुर्चीच कोसळेल.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण

लाकूड म्हणजे दगड नव्हे. त्याला तंतू असतात. तंतूंच्या दिशेने लाकूड प्रचंड ताकदवान आणि आडव्या दिशेने ठिसूळ. सरळ फळीतून वळणदार फांदी कापायला गेलं की जिथे वळण जास्त, तिथे तंतू मध्येच तुटतात. नेमकी तीच जागा दाबाखाली मोडते. त्यामुळे कोणता भाग कोणत्या ओंडक्यातून, कोणत्या बाजूने काढायचा आणि जोड कुठे लपवायचा, याचा हिशेब पटाशी उचलायच्या आधीच करावा लागतो. एकदा उडालेली ढलपी परत बसत नाही.

त्यात आंद्रेयाने निवडलेली लाकडंही हट्टी. अक्रोड तसा कोरायला मऊ आणि समजूतदार. पण व्हेनिसच्या त्या प्रसिद्ध कामासाठी त्याने वापरलं बॉक्सवुड आणि आबनूस, म्हणजेच एबनी.

बॉक्सवुड हे पिवळसर, हस्तिदंतासारखं गुळगुळीत लाकूड. इतकं घट्ट की त्याच्या फण्या आणि बासऱ्या बनायच्या. त्यावर नखाएवढा चेहराही स्वच्छ कोरता येतो. पण हे झाड अगदी सावकाश वाढतं आणि खोड बारीकच राहतं. त्यामुळे मोठी आकृती करायची तर लहान लहान तुकडे बेमालूम जोडावे लागतात.

आबनूस त्याहून कडक. इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. ते परदेशातून जहाजाने यायचं आणि महाग असायचं. आपल्याला या लाकडाची ओळख वेगळ्या मार्गाने आहे. विदर्भातल्या जंगलात ज्याची पानं बिडीसाठी तोडली जातात ते तेंदूचं झाड याच आबनूसच्या कुळातलं. त्याचाही आतला गाभा काळा निघतो.

पिवळं बॉक्सवुड आणि काळं आबनूस. या दोन रंगांचा जो खेळ आंद्रेयाने केला त्याने तो अजरामर झाला. आणि तिथूनच ही गोष्ट अवघड वळणावर येते.

चाळीस नगांची ऑर्डर

व्हेनिसमध्ये व्हेनियर नावाचं बडं घराणं होतं. १५७१ मध्ये लेपांतोच्या समुद्रात ऑटोमन तुर्कांच्या आरमाराचा पराभव झाला, तेव्हा व्हेनिसच्या ताफ्याचं नेतृत्व करणारा सेबास्तियानो व्हेनियर याच नावाचा. या घराण्याच्या सान व्हियो शाखेतल्या पिएत्रो व्हेनियरने आंद्रेयाला काम दिलं. थोडंथोडकं नाही, चाळीस नगांचा संच. हातांच्या खुर्च्या, फुलदाण्या ठेवायचे उंच स्टँड आणि एक अवाढव्य टेबल.

हे टेबल बघायला लोक आजही थांबतात. अतिपूर्वेकडून आणलेल्या चिनी मातीच्या मौल्यवान फुलदाण्या मांडायला ते बनवलं होतं. खाली ग्रीक पुराणातला महाबली हर्क्युलिस, सोबत अनेक तोंडांचा हायड्रा आणि नरकाच्या दारावरचा कुत्रा सर्बेरस. त्यांच्याबरोबर नद्यांचे म्हातारे देव. आणि फुलदाण्या उचलून धरलेले आफ्रिकन गुलाम. त्यांच्या गळ्यात साखळ्या आहेत. त्याही लाकडातच कोरलेल्या.

पिसानी घराण्यासाठी आंद्रेयाने बारा खुर्च्या केल्या. वर्षाचे बारा महिने फुलं, फळं, पानं आणि फांद्यांमधून दाखवणाऱ्या. त्या आता रोममधल्या क्विरिनाले प्रासादात, म्हणजे इटलीच्या राष्ट्रपती भवनात आहेत. कोरेर घराण्यासाठीही त्याने काम केलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं घडत होतं तेव्हा व्हेनिसचे दिवस फिरले होते. पंचवीसेक वर्षं लढूनही १६६९ मध्ये क्रीट बेट तुर्कांनी घेतलं होतं. पूर्वेचा व्यापार हातातून निसटत होता. युद्धाचा खर्च भागवायला सरकारने चक्क सरदारकी विकायला काढली होती. पैसे भरा आणि उमराव व्हा. ज्या महालात आज या खुर्च्या आहेत, त्या रेझोनिको कुटुंबानेही १६८७ मध्ये अशीच सरदारकी विकत घेतली. नवश्रीमंत दारात येऊन उभे राहिल्यावर जुन्या घराण्यांना आपला रुबाब आणखी ठसठशीत दाखवावासा वाटला, तर नवल नाही. या खुर्च्या त्या दिखाव्याच्या होत्या. भिंतीलगत मांडायच्या, पाहुण्यांनी पाहायच्या.

भार कोण उचलतंय?

आता त्या काळ्या माणसांकडे वळू.

ती कल्पनेतली नव्हती. मध्ययुगात व्हेनिस हा गुलामांच्या व्यापाराचा मोठा अड्डा होता. आंद्रेयाच्या काळातही युद्धात पकडलेले कैदी आणि गुन्हेगार जहाजांवर साखळीने वल्ह्यांना जखडलेले असायचे. श्रीमंतांच्या घरात आफ्रिकन नोकर असणं हा थाटाचा भाग होता. आंद्रेयाने जे कोरलं ते त्याच्या शहरात होतं.

फरक एवढाच की वल्हं ओढणारा माणूस घामाने, उन्हाने, मारानं खंगतो. आंद्रेयाच्या दालनातला गुलाम मात्र कायम तरणाबांड, चकचकीत आणि निमूट. गळ्यात साखळी असूनही डौलदार. माणसाचं दुःख त्यातून नेमकं पुसलं गेलं आणि उरली सजावट.

कारागीर म्हणून पाहिलं तर त्याने या देहांवर जीव ओतलाय. दंडाचा पीळ, मानेचा कल, पायाची बोटं, कुठेच हयगय नाही. हर्क्युलिसवर जेवढी मेहनत तेवढीच यांच्यावर. म्हणूनच ते बघताना आपण अडकतो. काम वाईट असतं तर तोंड फिरवून निघून जाता आलं असतं.

आणि बांधणीच्या हिशेबाने पाहिलं तर हा माणूस सगळंच सांगून गेलाय, त्याच्या मनात असो वा नसो. आधीच्या खुर्चीत भार उचलणारा खांब नुसता खांब होता. आंद्रेयाने त्याला चेहरा दिला. त्यामुळे श्रीमंताची खुर्ची कोणाच्या खांद्यावर उभी आहे, हे तीनशे वर्षांनीही लपत नाही.

परत डोंगरात

व्हेनिसमध्ये एवढं नाव झाल्यावर कोणीही तिथेच राहिलं असतं. आंद्रेया परतला. सतरावं शतक संपता संपता तो कायमचा बेल्लूनोत आला आणि उरलेलं आयुष्य त्याने डोंगरातल्या चर्चसाठी काम केलं. वेदीची चौकट, येशूच्या मूर्ती, देवदूत, गावातल्या लोकांना रोज दिसतील अशा गोष्टी. वडिलांच्या झोल्दो खोऱ्यातल्या चर्चमध्ये त्याने केलेली मृतात्म्यांची वेदी प्रसिद्ध आहे.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याने लाकडाचे दोन मोठे उठावशिल्प-फलक केले. ते आज बेल्लूनोच्या सान पिएत्रो चर्चमध्ये आहेत. एकावर येशूचं क्रूसारोहण आहे. दुसऱ्यावर संत फ्रान्सिस झेवियरचा मृत्यू.

हो, तेच फ्रान्सिस झेवियर, ज्यांना गोव्यात गोंयचो सायब म्हणतात आणि ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांगचुआन बेटावर, सगळ्यांपासून दूर त्यांचा अंत झाला होता. समुद्रापासून लांब डोंगरात बसलेल्या आंद्रेयाने तो क्षण लाकडात उभा केला.

इथे सोनं नाही, काळं-पिवळं लाकूड नाही, दिखावा नाही. ज्या हातांनी सत्तेसाठी माणसं वाकवली, त्याच हातांनी एका थकलेल्या माणसाचं मरण कोरलं. व्हेनिसच्या दालनातून थेट या चर्चमध्ये आलं तर हा तोच कारागीर आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.

२५ ऑक्टोबर १७३२ रोजी, सत्तरी गाठून आंद्रेया बेल्लूनोतच वारला.

खुर्च्या उरल्या, बसणारे गेले

१७९७ मध्ये नेपोलियन आला आणि हजारेक वर्षांचं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं. ज्यांच्यासाठी हा थाट होता ती सत्ता गेली. फर्निचर मात्र टिकलं.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने आपल्या एका कादंबरीत ब्रुस्तोलोनला लाकडाचा मायकेलअँजेलो ठरवलं आणि ही ओळख त्याला कायमची चिकटली. १९३६ मध्ये का रेझोनिको संग्रहालय म्हणून उघडलं आणि व्हेनियरांचा संच तिथे सगळ्यांना पाहायला मिळू लागला.

पण त्या काळ्या आकृत्यांची फॅशनही मागे उरली. पुढची दोनशे-तीनशे वर्षं दिवे धरलेले, ताटं धरलेले आफ्रिकन नोकर हा युरोपभर सजावटीचा प्रकार झाला. दागिन्यांतही तो आला. २०१७ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातल्या प्रिन्सेस मायकल ऑफ केंट यांनी राणीच्या नाताळच्या जेवणाला असाच एक ब्रोच घातला. त्या जेवणाला मेगन मार्कलही येणार होत्या, ज्यांची आई आफ्रिकन-अमेरिकन आहे. सोशल मीडियावर गदारोळ झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. तीनशे वर्षांपूर्वी ज्याला शोभेची वस्तू म्हटलं जायचं त्याच्याकडे आता माणूस म्हणून पाहिलं जातंय, एवढाच याचा अर्थ.

मग आंद्रेयाच्या खुर्च्यांचं काय करायचं? त्या झाकून ठेवायच्या का? तसं करून काही साधणार नाही. त्या पाहायलाच हव्यात. लाकडावर माणसाचा हात किती चालू शकतो हे कळायला पाहायला हव्यात आणि नंतर थोडं खाली वाकूनही पाहायला हव्यात.

खुर्ची कोणाचीही असो, व्हेनिसची किंवा आपल्या गल्लीतली, वर बसलेला सगळ्यांनाच दिसतो. ती पेलणाऱ्यांचे चेहरे बघायला मात्र खाली वाकावं लागतं.